एकही दार न वगळता

आमच्या कावेलिन बेटावर माणसांपेक्षा घरं जास्त आहेत. तरणी पोरं साल्मन माशांच्या कंपन्यांत गेली, पोरी त्यांच्यामागून गेल्या, म्हातारे टेकडीवरच्या दफनभूमीत गेले, आणि घरं तिथंच राहिली. आमच्याकडची घरं लाकडाची. छपरावर लाकडी कौलं, भिंतींवरही लाकडी कौलं, एकावर एक चढवलेली. असं घर रिकामं झालं म्हणून लगेच पडत नाही, ते वर्षानुवर्षं वाट बघत उभं राहतं. मी दुकान चालवते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं मी सगळ्यांना सांगते. तरी ऊन कलल्यावर मी किनाऱ्याच्या वाटेनं घरी जात नाही, वरच्या वाटेनं जाते. ती लांबची आहे, पण चढानं तब्येत चांगली राहते.

जिच्याबद्दल लिहायला बसले आहे ती एदेल्मिरा कोलिवोरो माझी कोमाद्रे. माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला तिनं त्याला हातावर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना नावानं हाक मारत नाही, कोमाद्रे म्हणतो. बुटकी, रुंद बांध्याची, ओहोटीला किनाऱ्यावर शेवाळ गोळा करून हात कायमचे लाल झालेले. नवरा लवकर गेला. बटाट्याचं शेत, दोन बैल, एक मुलगी. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिच्या बैलांशी घातलेला बरा, असं मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

मुलीचं नाव नेरिदा. शेजारीच नवऱ्याबरोबर छोटं घर बांधून राहायची. पहिलटकरीण होती. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, दिवस भरायच्या आधीच एका रात्री कळा सुरू झाल्या. तेव्हा बेटावर ना नर्स, ना खाट. आचाओच्या दवाखान्यात न्यायचं तर होडीनंच. उत्तरेचा वारा सुटला होता, पण थांबता येत नव्हतं. एदेल्मिरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अर्ध्या वाटेवर, खाडीच्या मधोमध नेरिदा गेली. मूल पोटातच राहिलं. होडी तिथूनच माघारी वळवली. पुढं नेऊन तरी काय करायचं होतं? जावई महिन्याभरात पुंता आरेनासला निघून गेला, तो परत आला नाही.

एदेल्मिरा कितीतरी दिवस शेवाळ गोळा करायला किनाऱ्यावर उतरली नाही. मग एका सकाळी दुकानात आली आणि म्हणाली, "कोमाद्रे, पाद्र्यांचं घर रिकामंच आहे."

"साठ सालापासून रिकामं आहे. आज काय नवीन?"

"तिथं दवाखाना होईल. दोन खाटा, शेगडी, एक नर्स. पोरींना होडीत मरावं लागणार नाही."

मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. पाद्र्यांचं घर म्हणजे टोकावरचं मोठं दुमजली घर. जुन्या काळी वर्षातून एकदा फेरीवर येणारे पाद्री तिथं उतरायचे. नंतर नन्सनी तिथं मुलींची शाळा चालवली. साठ साली भूकंप झाला, समुद्र आत आला, आणि बुडालेली माणसं त्या घराच्या मोठ्या खोलीत ओळीनं निजवली. मी लहान होते, आईचा हात धरून दारात उभी होते. चेहरे मला आठवत नाहीत. तळवे आठवतात, ओले आणि पांढरे. नऊ दिवस तिथं जपमाळ झाली, मग दाराला कुलूप लागलं ते लागलंच.

तिच्या हट्टापायी मीच तिच्याबरोबर ते कुलूप उघडायला गेले. आत ओलसर, गोडसर वास होता. जिन्यावर धूळ, खिडक्यांत धूळ, बाकांवर धूळ. मोठ्या खोलीची जमीन मात्र लख्ख होती, सकाळीच कुणी झाडून गेल्यासारखी. मी तिथूनच मागं फिरले. एदेल्मिरा खोलीभर हिंडली, खांबांवर हात फिरवला, कोपऱ्यात वाकून फळी ठोकून बघितली.

"आलेर्सेचं लाकूड आहे," ती म्हणाली. "एक फळी कुजलेली नाही. आणि कुणीतरी नीट सांभाळलंय."

"कुणी?"

"ते मी कशाला विचारू? त्यांनी मला विचारलं का, तू कशाला आलीस म्हणून?"

त्यानंतर ती मोठ्या बेटावरच्या कचेरीत खेटे घालू लागली. तिथला साहेब भला माणूस होता, दर खेपेला तेच सांगायचा. ते चर्च असतं तर वारसा म्हणून काही करता आलं असतं, हे नुसतं जुनं घर आहे. नवा दवाखाना पुढच्या वर्षी येईल, पत्र्याचा, तयार, बोटीतून उतरवला की झालं. एदेल्मिरा त्याला म्हणाली, "साहेब, मागच्या वर्षीपासून मी तुमच्या पुढच्या वर्षाचीच वाट बघतेय."

तेवढ्यात पुएर्तो वारासहून डॉन हेल्मुत नावाचे गृहस्थ आले; मान द्यायचा तर आम्ही पुरुषाला डॉन म्हणतो, बाईला दोन्या. त्यांना हॉटेल बांधायचं होतं आणि जुनं लाकूड हवं होतं. आलेर्सेचं झाड आता तोडू देत नाहीत, त्यामुळे पडकी घरं विकत घ्यायची आणि कौलं, फळ्या, वासे काढून न्यायचे, असा त्यांचा धंदा. घर सगळ्या बेटाच्या मालकीचं, म्हणून चर्चमागच्या खोलीत सभा भरली. आमचे अध्यक्ष उबाल्दो बारिया. मोटरबोट त्यांची, आवाज मोठा, मन मऊ.

"दोन्या एदेल्मिरा, जरा ऐका," उबाल्दो म्हणाले. "समुद्र दरवर्षी कडा खातोय. दोन हिवाळ्यांत घर पाण्यात जाईल. त्यापेक्षा डॉन हेल्मुतना नेऊ द्या. लाकूड तरी जगेल."

"लाकूड जगेल, घर मरेल. मग त्याला टेकून कोण बसणार? हॉटेलात पोट भरलेली माणसं."

"सेन्योरा, मी ते लाकूड फार प्रेमानं वापरीन," डॉन हेल्मुत म्हणाले.

"प्रेम असेल तर इथं येऊन आजारी पडा. पहिली खाट तुमची."

सगळे हसले, ते स्वतःही हसले. मग मागून कुणी म्हणालं की नवाच दवाखाना येऊ द्या, जुन्यात कशाला पैसे आणि कष्ट घालायचे. एदेल्मिरा वळली. "नवा आला तर मी धक्क्यावर त्याचे मुके घेईन. तोवर पोरींनी पोट आवळून धरायचं का? भिंती उभ्या आहेत, छप्पर आहे, शंभर हिवाळे काढलेत. एवढं सगळं देवानं आयतं दिलंय, आणि आपण ते सोलून विकायला निघालो."

आता मला गप्प बसवेना. "कोमाद्रे, ज्या खोलीत बुडालेले निजवले तिथं बाळंत व्हायला कोण येईल?"

"ज्या घरानं मेलेल्यांना जागा दिली ते जिवंतांना नाही म्हणेल का?" ती शांतपणे म्हणाली. "त्याला माणसं निजवायची सवय आहे."

उबाल्दोंनी निकाल दिला. घर टोकावरून वर, मैदानाजवळ ओढून आणायचं, फेब्रुवारी संपायच्या आत, एकाच मिंगात. जमलं तर घर दवाखान्याला. नाही जमलं तर डॉन हेल्मुतना.

आमच्याकडं घर ओढणं नवीन नाही. जागा बदलायची तर घरही बरोबर न्यायचं, ओंडक्यांवर चढवून, बैलांनी आणि माणसांनी ओढत. त्या कामाला मिंगा म्हणतात. मिंगात मजुरी नसते. पोटभर जेवण असतं, आणि परतीचा दिवस असतो. आज जो माझ्यासाठी राबला त्यानं कधीही माझ्या दारात येऊन बोलवावं, मी एक दिवस त्याच्यासाठी राबायचं. नाही म्हणायची सोय नाही. पण आधी विनवणी करावी लागते. ज्याचं काम आहे त्यानं स्वतः दारोदार जायचं, आणि वाटेवरचं एकही दार वगळायचं नाही. एखादं दार चुकवलं तर त्या घराचा अपमान होतो, आणि तो अपमान नातवंडांपर्यंत पुरतो.

पण ते घर ओढायला माणसं कुठं होती? चुली पेटत होत्या अशी घरं मूठभर. पोरं कंपनीत पाळीवर. उबाल्दोंना हे ठाऊक होतं, सभेतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. मीसुद्धा मनात घराला मूठमाती देऊन टाकली होती.

विनवणीला एकट्यानं जात नाहीत, म्हणून मी बरोबर गेले. दारात उभं राहून "आवे मारिया" म्हणायचं, आतून जबाब आला की बोलायचं. एदेल्मिरा ठरलेल्या शब्दांत बोलायची. "मी एदेल्मिरा कोलिवोरो, विनवायला आले आहे. शनिवारी पाद्र्यांचं घर वर ओढायचं आहे. तुमच्या हातांशिवाय ते हलणार नाही. आज तुम्ही माझ्यासाठी, बोलवाल त्या दिवशी मी तुमच्यासाठी." कुणी कुरकुरलं, कुणी कंबर दुखते म्हणालं, पण हो सगळेच म्हणाले.

मग आम्ही डॉन आर्सेनियो नाउएल्किन यांच्या घरापाशी पोचलो. डॉन आर्सेनियो माझं लग्न झालं त्या वर्षी वारले. घर तेव्हापासून रिकामं, अंगणात काटेरी झुडपं माजलेली, दाराला तारेनं बांधलेलं. मी पुढं निघाले. मागं वळून बघते तर एदेल्मिरा फाटकाशी उभी, डोक्यावरची शाल सारखी करत.

"आवे मारिया," ती म्हणाली.

"कोमाद्रे, कुणाला विनवतेस? चल इथून."

"दार आहे ना. दार वगळायचं नाही."

ही आमच्याच माणसांनी करावी अशी चूक. रीत इतकी अंगात मुरलेली की दार दिसलं की पाय आपोआप थांबतात, आत कोण आहे हे नंतर. ती थांबून राहिली. जबाब येईपर्यंत बोलायचं नसतं. मला फक्त वाऱ्याचा आवाज आला, कुठंतरी एक फळी करकरली. एदेल्मिरानं मान हलवली, जशी आपण हो ऐकल्यावर हलवतो, आणि ठरलेले शब्द सगळे म्हटले. अगदी शेवटपर्यंत. बोलवाल त्या दिवशी मी तुमच्यासाठी. हे शेवटचं वाक्य तरी तिनं गाळायला हवं होतं.

त्यानंतर तिनं एकही रिकामं घर सोडलं नाही. कुठं लगेच पुढं बोलायची, कुठं बराच वेळ ताटकळायची. मी चिडले, टोमणे मारले, तरी चालत राहिले. सगळ्यात शेवटी नेरिदाचं घर आलं, कारण ते तिच्या स्वतःच्या घराला लागून आहे. तिथंही ती तशीच फाटकाशी उभी राहिली. ठरलेले शब्द होते, ते "तुम्ही" करूनच म्हणायचे असतात, आणि तिनं ते तसेच म्हटले. आपल्या लेकीला. मी जमिनीकडं बघत राहिले. तिथं ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. जबाब आला का, हे मी विचारलं नाही.

शनिवारी धुकं होतं. उन्हाळ्यात असं धुकं आमच्याकडं पडतं, पण इतकं दाट क्वचित. घर आदल्या दिवशीच खांबांवरून उचलून दोन लांब ओंडक्यांवर बसवलं होतं. आलेल्या बैलजोड्या बघून उबाल्दोंनी डोकं खाजवलं. पुरुष त्याहून कमी. बैल जुंपले, जाड दोर पुढं चढावर टाकला, माणसं ओळीनं दोराला लागली. डॉन हेल्मुत बाजूला दगडावर बसले होते, सभ्य माणसासारखे, वाट बघत.

पहिल्या हिसक्याला घर कण्हलं, पण हललं नाही. दुसऱ्यालाही नाही. बैलांच्या तोंडाला फेस आला. उबाल्दो काहीतरी ओरडले, पुन्हा सगळ्यांनी पाय रोवले, आणि या वेळी घर निघालं. अडखळत नाही, थांबत नाही, चढावर सरळ. बायका हातातली कामं टाकून बघत राहिल्या. बैलांनासुद्धा पाय उचलायला वेळ मिळेना, त्यांच्या मानेवरचं जू सैल पडलं होतं.

मी चिचाची, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाची घागर घेऊन दोराच्या कडेनं वर गेले, ओढणाऱ्यांना पाजायला. सगळ्यात पुढं उबाल्दो होते. त्यांच्या पुढं माणूस नव्हता. म्हणजे दोर तिथून पुढं जमिनीवर पडलेला असायला हवा होता. तो पडलेला नव्हता. उबाल्दोंच्या हातातून निघून तो कंबरेच्या उंचीनं, ताठ, धुक्यात जात होता. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिखल तुडवला जात होता. मी डोळ्यांनी बघितलं. टाचांचे खड्डे पडत होते, पाणी भरत होतं, पुढं नवे पडत होते.

"पुढं जाऊ नका, दोन्या फिदेलिया," उबाल्दो म्हणाले. ते स्वतःच्या हातांकडं बघत होते. "मी मघापासून वर मान केलेली नाही. तुम्हीही करू नका."

मी घागर तिथंच ठेवली आणि खाली आले. देवाची शपथ, त्या क्षणी मला एदेल्मिराचा इतका राग आला की तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दुपारपर्यंत घर मैदानाजवळ बसलं. डॉन हेल्मुतांनी टोपी काढून एदेल्मिराचा हात हातात घेतला आणि होडीत बसून गेले. खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिजवलेलं कुरांतो उघडलं, शिंपले, डुक्कर, बटाटे, सगळ्यांनी आडवा हात मारला. एदेल्मिरानं कुंपणाच्या कडेनं एक लांब फळी मांडली आणि तिच्यावर ताटल्या वाढून ठेवल्या, वाफाळत्या. कुत्र्यांसाठी असेल असं मी शेजारणीला सांगितलं. कुत्री मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकमेकांना चिकटून बसली होती. सकाळी ताटल्या रिकाम्या, धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या होत्या. आमच्यातल्याच कुणीतरी धुतल्या असणार. मी कुणाला विचारलं नाही, कुणी मला सांगितलं नाही.

घर उभं राहिल्यावर मात्र कचेरीला जाग आली. यासना नावाची नर्स कास्त्रोहून आली, औषधं आली. मोठ्या खोलीत खाटा लागल्या. पाद्री जिथं निजायचे ती खोली बाळंतिणीची झाली. शाळेची बाकं ओसरीत बसायला ठेवली, जुन्या फळ्यावर यासना लशींचे वार लिहायला लागली. एदेल्मिरानं भिंतीला नवा रंग लावू दिला नाही, पण खिडक्या मोठ्या करू दिल्या. म्हणाली, घराला आजारी माणसं बघायची आहेत, उजेड हवा.

पहिलं मूल एप्रिलमध्ये झालं. मुलगी, धडधाकट, सगळ्या बेटाला ऐकू जाईल असं रडणारी. एदेल्मिरा ओसरीत बसून होती, ते रडणं ऐकून तिनं शालीच्या टोकाशी चाळा केला आणि हसली. मी सूप घेऊन आत गेले तेव्हा ती बाळंतीण म्हणाली, "ती माणसं गेली का, दोन्या?"

"कुठली?"

"बाहेर उभी होती ती. टोप्या हातात घेऊन. ओल्या कपड्यांत. चांगली वाटली हो, कुणी आत नाही डोकावलं."

यासना म्हणाली, कळांनी असं होतं. मी म्हणाले, होतं.

मग हिवाळा लागला, आणि एका सकाळी एदेल्मिरा घरी नव्हती. शोधत गेले तर डॉन आर्सेनियोंच्या अंगणात, भर पावसात, झुडपं तोडत होती. दाराची तार सोडलेली. आत चूल पेटवलेली, धुराड्यातून धूर निघत होता. त्या घरातून निघणारा धूर मी माझ्या तरुणपणी शेवटचा बघितला होता.

"हे काय चाललंय?"

"परतीचा दिवस. काल दुपारी विनवायला आले होते."

"कोण?"

"डॉन आर्सेनियो. कोण म्हणजे?"

"आणि तू हो म्हणालीस?"

"नाही कसं म्हणणार? त्यांनी ओढलं ना." तिनं कोयता झुडपात घातला. "टोपी काढून उभे होते बिचारे. म्हणाले, छपराची चार कौलं गेलीत, तेवढी बसवून दे, आणि एकदा चूल पेटव."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण पाऊस वाढला होता, ती एकटी शिडीवर चढायला निघाली होती, म्हणून मी शिडी धरली. शिव्या देत धरली.

त्या हिवाळ्यात आणि पुढचं वर्षभर ते एकेक करून आले. मागणं सगळ्यांचं एकच. छप्पर, खिडकी, चूल. एदेल्मिरा जायची, दिवसभर राबायची, दिवेलागणीला परत यायची. त्या दिवशी तिचे हात असे गार असायचे की चुलीशी धरले तरी ऊब येत नसे. ती वाळत चालली. मी तिला ओरडायचे, "जिवंत आहेस तोवर जिवंतांचं बघ." ती म्हणायची, "त्यांचंच बघतेय."

आणि खोटं कशाला बोलू, तसंच झालं. गळायचं थांबलेलं घर कुणाला नको असतं? एका घरात नवी मास्तरीण राहायला आली. एकात बायका जाळी विणायला बसू लागल्या. डॉन आर्सेनियोंच्या स्वयंपाकघरात माझ्या दुकानाचं बटाट्याचं कोठार झालं, भाडं नाही, काही नाही, फक्त रोज चूल पेटवायची. राजधानीतून एक कॅमेरावाली बाई आली, जुन्या घरांवर काम करणारी. तिनं एदेल्मिराला विचारलं, कुठलं घर आधी दुरुस्त करायचं हे तुम्ही कसं ठरवता? एदेल्मिरा म्हणाली, "जो आधी बोलावेल त्याचं." बाईनं कौतुकानं ते लिहून घेतलं. मी चहा ओतताना किटली सांडली.

एक घर तेवढं राहिलं. नेरिदाचं.

छप्पर एका बाजूनं बसत चाललं होतं. यासनाला ते हवं होतं. आजूबाजूच्या छोट्या बेटांवरच्या गरोदर बायकांना दिवस भरेपर्यंत राहायला जागा नव्हती, आणि हे घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. यासना मागायला आली तेव्हा मी तिथंच होते.

"आणखी एक हिवाळा ते निघणार नाही, दोन्या एदेल्मिरा. आता हात लावला तर वाचेल."

"तिनं बोलावलेलं नाही."

"कुणी?"

"परतीचा दिवस न बोलावता फेडता येत नाही, पोरी. तिनंही ओढलं होतं. ती आली की करीन."

यासना माझ्याकडं बघू लागली. एवढी दारं उघडली, एवढे म्हातारे आले, टोप्या काढून, आणि जिच्यासाठी या बाईनं दाराची कडी कधी लावली नाही ती पोरगी तेवढी येत नव्हती. मला तेव्हा भुतांची भीती वाटेनाशी झाली होती. ती कधीच येणार नाही, ही भीती वाटत होती. आणि येईल, याचीही.

ऑगस्टमध्ये एकदम चार दिवस वारा पडला. समुद्र ताटात ठेवलेल्या दुधासारखा. सकाळी एदेल्मिरा दुकानात आली ती चर्चला जायच्या कपड्यांत. भाकरी घेतली, शाल घट्ट केली.

"आली होती," ती म्हणाली.

मी हातातलं माप खाली ठेवलं. "काय मागितलं? छप्पर?"

"छप्पर नाही. पलीकडं सोड म्हणाली. आपण मधूनच परत आलो ना, म्हणाली."

मी पोत्यावर बसले. "मी येते बरोबर. मोटरबोट सांगते उबाल्दोंना."

"तुला कुणी विनवलेलं नाही, कोमाद्रे. हा माझा दिवस आहे."

मी धक्क्यापर्यंत तिच्यामागून गेले, भांडत, रडत. तिनं वल्ह्यांची छोटी होडी पाण्यात लोटली, चढली, वल्ही हातात घेतली. मग थांबली, समोरच्या फळीवर शाल घडी करून ठेवली, बसायला मऊ लागावी म्हणून. होडी मागच्या बाजूनं पाण्यात खाली बसली. दोन माणसांच्या वजनानं बसते तेवढी. त्याहून थोडी जास्त.

ती वल्हवत गेली. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या फळीकडं असतं. लांबून मला तिचे ओठ हलताना दिसत होते. खाडीच्या मध्यावर, जिथून त्या रात्री होडी वळवली होती तिथं ती क्षणभर थांबली. मग पुन्हा वल्ही पाण्यात पडली आणि होडी पुढं गेली. पलीकडच्या काठाच्या राखाडी पट्ट्यात ती दिसेनाशी झाली.

मी दिवसभर दुकान उघडलं नाही. धक्क्यावर बसून राहिले. उबाल्दो येऊन माझ्या शेजारी बसले. मनात तिला माती देऊन झाली होती, तिच्या जपमाळेला कोण कोण येईल तेही ठरवून झालं होतं, तेव्हा भरतीबरोबर होडी आली. हलकी, मागची बाजू उचललेली. एदेल्मिरा वाकून वल्हवत होती, थकलेली, जिवंत.

उबाल्दोंनी दोर पकडला. मी तिचा हात धरला. गरम होता.

"पोचवलंस?"

"पोचवलं. आचाओच्या धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत." ती उतरली, माझ्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली. "यासनाला सांग, उद्यापासून घर घे म्हणावं. छपराला मी येते."

"आणि ती? काही बोलली?"

"नाही. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही." एदेल्मिरानं ओली शाल माझ्या हातात दिली. "घाईत होती गं. कळा सुरू झाल्या होत्या ना."